डावा डोळा, शेवटचा अंक दोन

(दृश्य : काळ्या पार्श्वभूमीवर नारिंगी गोल. मधोमध गडद ठिपका. एका बाजूला फिकट पिवळी चकती आणि तिच्यातून फुटलेल्या लाल रेषा.)

डोळ्यातला एक आजार कोडच्या अक्षर-अंकांत कसा लिहिला जातो, ते बघू. हा फोटो डोळ्याच्या बाहुलीतून आत डोकावून काढलाय. नारिंगी दिसतंय ते दृष्टिपटल. आपण बोलताना नुसतं 'पडदा' म्हणतो. पिवळ्या चकतीतून डोळ्याची मुख्य नस मेंदूकडे निघते. लाल रेषा म्हणजे रक्तवाहिन्या. कुठंही न कापता जिवंत रक्तवाहिनी अशी उघडी बघायला मिळते, ती इथंच. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या ऑफ्थॅल्मोस्कोपची, म्हणजे डोळ्याच्या आत बघायच्या उपकरणाची, माहिती छापली. तोवर डॉक्टरांना बाहुलीतून आत बघितलं की काळोखच दिसायचा.

पडद्याची जाडी पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढ्यात अंधुक उजेडात बघणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि रंग, बारकावे टिपणाऱ्या ६० लाखांच्या घरात शंकुपेशी. शंकूंची खरी दाटी मधल्या गडद ठिपक्यात, मॅक्युलात. वाचायचं, चेहरा ओळखायचा, सुईत दोरा ओवायचा, तर सगळी भिस्त या ठिपक्यावर.

एक गोष्ट मात्र या पडद्याला जमत नाही. त्याला दुखत नाही. तो सुजतो, गळतो, फाटतो, पण कळ येत नाही. म्हणून माणूस उशिरा येतो.

(दृश्य : तोच गोल, पण आता लाल ठिपके, पिवळे कण आणि चकतीजवळ केसांसारखं बारीक जाळं.)

समजा, एक रुग्ण आहे. बरीच वर्षं टाइप २ मधुमेह. तक्रार इतकीच, की डाव्या डोळ्यानं वाचताना ओळी वाकड्या दिसतात.

आत काय घडलंय? वाढलेल्या साखरेनं केशवाहिन्यांच्या भिंती कमकुवत केल्या. त्यांना बारीक फुगे आले. फुग्यांतून पाणी आणि चरबी पाझरली. ते पिवळे कण त्याचेच. काही वाहिन्या बंद पडल्या, पडद्याला ऑक्सिजन कमी पडायला लागला आणि त्यानं व्हीईजीएफ नावाच्या प्रथिनामार्फत नव्या वाहिन्या मागवल्या. त्या आल्याही, पण कच्च्या. कधीही फुटतील आणि डोळ्यात रक्त उतरेल अशा. आता ओसीटी बघा, पडद्याचा उभा छेद दाखवणारा फोटो. मॅक्युलाची नेहमीची खोलगट जागा भरून वर आलीय आणि थरांमध्ये काळे कप्पे दिसताहेत. ते साचलेलं पाणी.

डॉक्टर केसपेपरवर लिहितात : 'पीडीआर विथ डीएमई, ओएस.' एवढंच. पीडीआर म्हणजे नव्या वाहिन्या उगवलेली मधुमेही रेटिनोपॅथी, म्हणजे मधुमेहानं झालेला पडद्याचा आजार, डीएमई म्हणजे मॅक्युलाची सूज. ओएस हे लॅटिनमधलं डाव्या डोळ्याचं संक्षिप्त रूप, उजव्याचं ओडी. गंमत अशी, की औषधाच्या चिठ्ठीवर याच ओडीचा अर्थ पुष्कळ ठिकाणी 'दिवसातून एकदा' असा होतो.

इथून कागद कोडरच्या, म्हणजे निदानाला ठरलेला कोड लावणाऱ्या माणसाच्या टेबलावर येतो.

(दृश्य : रिकामी चौकट. एकेक अक्षर उमटतं : ई ११.३५१२)

आजारांना खुणेची अक्षरं देण्याची ही पद्धत निघाली मृत्यूच्या नोंदींतून. १८९३ साली फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बर्तियाँ यांनी मृत्यूच्या कारणांची एक यादी मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तिची सहावी आवृत्ती हाती घेतली, तेव्हा जिवंत माणसांचे आजारही तिच्यात आले. तिची दहावी आवृत्ती म्हणजे आयसीडी-१०, आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरण. अमेरिकेनं तिचा स्वतःपुरता विस्तार केला आणि १ ऑक्टोबर २०१५ पासून वापरात आणला. आपला कोड त्या अमेरिकी विस्तारातला आहे, कारण डोळ्याच्या बाबतीत तो फारच काटेकोर आहे. कधीकधी नको इतका.

आता चौकट वाचू. पहिलंच अक्षर चकवतं. डोळ्यांच्या आजारांचं प्रकरण 'एच' अक्षराचं, पडद्याचे आजार एच ३० ते एच ३६ मध्ये. मग इथं 'ई' कसा? कारण ई हे ग्रंथी आणि चयापचयाचं प्रकरण. आजार दिसतोय डोळ्यात, पण आलाय मधुमेहातून, म्हणून घर मधुमेहाचं. मूळ आयसीडी-१० मध्ये यासाठी दोन कोड जोडीनं लिहायची सोय होती : कारणाच्या कोडला कट्यारीचं चिन्ह, डोळ्याच्या कोडला तारका. अमेरिकी विस्तारानं दोन्ही एकाच कोडमध्ये बसवले. मला कट्यार-तारकेची जोडी जास्त बोलकी वाटते, पण टेबलावर साठ कागद पडलेला माणूस एका कोडवर खूश असणार.

पुढचे दोन अंक, ११ : टाइप २ मधुमेह. टाइप १ असता तर १० आले असते. बिंदूनंतरचा ३ : गुंतागुंत डोळ्यात.

मग ५. हा अंक सगळ्यात जड. २ म्हणजे सौम्य, ३ मध्यम, ४ तीव्र, आणि ५ म्हणजे नव्या वाहिन्या उगवलेली अवस्था. ४ ठरवायला डॉक्टरांकडे चार-दोन-एकचा नियम आहे. पडद्याचे चार भाग कल्पायचे. चारही भागांत पुष्कळ रक्तस्राव, किंवा दोन भागांत शिरांना मण्यांच्या माळेसारखे फुगवटे, किंवा एका भागात आतल्या आत ठळक वेड्यावाकड्या वाहिन्या. यातलं एक जरी दिसलं तरी तीव्र. ही मोजणी डॉक्टरांनी करायची आणि लिहायची. कोडरनं फोटो बघून अंक लावायचा नसतो, त्याला शब्दच हवा.

सहावं स्थान, १ : मॅक्युलाला सूज आहे. शेवटचा २ : डावा डोळा. उजव्याला १, दोन्हींना ३. आणि डोळा कुठला ते लिहिलंच नसेल तर ९.

या ९ वर थोडं बोलायला हवं. अंक छोटा, पण त्याचा अर्थ असा, की दिव्यासमोर बसवून डोळा तपासला आणि कुठला तपासला ते लिहायचं राहिलं. डाव्या डोळ्यात इंजेक्शन दिलं, बिलावर डावा लिहिलं आणि निदानाच्या कोडमध्ये उजवा किंवा ९ पडला, की विम्याचा दावा परत येऊ शकतो. मग कोडर डॉक्टरांना विचारतो, डॉक्टर जुना कागद शोधतात, आणि रुग्ण वाट बघत बसतो.

आपल्या रुग्णाचा उजवा डोळाही तपासला आहे. तिथं सौम्य रेटिनोपॅथी, सूज नाही. म्हणजे दुसरा कोड : ई ११.३२९१. एकच माणूस, एकच मधुमेह, आणि दोन डोळे दोन वेगळ्या पायऱ्यांवर.

(दृश्य : पडद्याला पडलेली नालाच्या आकाराची चीर, तिच्या कडेनं पडदा सुटतोय.)

पण कोडला सगळंच कळतं असं नाही. पडदा फाटून सुटला, तर एच ३३.० या गटात नोंद होते. एक चीर की अनेक, की भलीमोठी, हे त्यात लिहिता येतं. सर्जन मात्र आधी भलतंच विचारतो : मॅक्युला अजून चिकटलेला आहे का? चिकटलेला असेल तर घाई, कारण मधली नजर वाचवता येते. सुटला असेल तर ऑपरेशन होईल, पण नजर पहिल्यासारखी येईलच असं नाही. या गटात हे नोंदवायला जागाच नाही. मधुमेहानं ओढून पडदा सुटला, तर मात्र त्यात मॅक्युलाही सुटला की नाही यासाठी दोन वेगळे कोड आहेत. यामागचं तर्कशास्त्र मला अजून उलगडलेलं नाही.

म्हातारपणी मॅक्युला झिजतो त्याला एच ३५.३. तिथं शेवटचा अंक डोळ्याचा नसून अवस्थेचा असतो आणि डोळा त्याच्या आधीच्या स्थानी सरकतो. मधुमेहाच्या कोडची सवय झालेला नवा कोडर इथं हमखास अडखळतो.

(दृश्य : पुन्हा ओसीटी. काळे कप्पे लहान झालेत, मग दिसेनासे होतात. मधला खळगा परत आलाय.)

डाव्या डोळ्यात काही महिने व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शनं झाली. नव्या वाहिन्या अजून आहेत, सूज उतरली. ओळी जवळजवळ सरळ दिसतात. आज केसपेपरवर डॉक्टरांनी लिहिलंय : 'पीडीआर, डीएमई नाही, ओएस.'

कोडर जुना कोड उघडतो. सहाव्या स्थानावरचा १ खोडतो, तिथं ९ लिहितो. ई ११.३५९२.

हा ९ वेगळा. या जागी त्याचा अर्थ, सूज नाही.