नोटेवरची देशमुखांची सही

ही दहा रुपयांची जुनी नोट. वर राजा सहावा जॉर्ज, खाली गव्हर्नरची सही: सी. डी. देशमुख. आधी इथे जेम्स टेलर यांची सही असायची. फेब्रुवारी 1943 मध्ये टेलर वारले आणि 11 ऑगस्टला चिंतामणराव देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

हे महाडजवळचं नाते गाव. चिंतामणरावांचा जन्म इथला, 1896 चा. मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र शिकले, 1918 साली आयसीएसला, म्हणजे ब्रिटिश राजवटीतल्या सनदी सेवेच्या परीक्षेलाही पहिलेच. मग वऱ्हाड-मध्य प्रांतात चाकरी. रिझर्व्ह बँकेत आले 1939 साली, आणि चार वर्षांत गव्हर्नरच्या खुर्चीत बसले.

खुर्ची मिळाली ती ऐन युद्धात. ब्रिटन इथून माल उचलायचं, पैसे लंडनला पौंडांत जमा व्हायचे आणि त्यांच्या आधारावर इथे नोटा छापल्या जायच्या. बाजारात माल कमी, नोटा जास्त. भाव भडकले. बंगालमध्ये त्या वर्षीच्या दुष्काळात काय झालं, ते ही छायाचित्रं सांगतात.

जुलै 1944. अमेरिकेतलं ब्रेटन वुड्स, माउंट वॉशिंग्टन हॉटेल. युद्धानंतरची जागतिक चलनव्यवस्था ठरवायला 44 देशांची परिषद भरली आहे. भारताच्या शिष्टमंडळाचे प्रमुख इंग्रज, जेरेमी रेझमन. सोबत देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ. लंडनला अडकलेल्या आपल्या पौंडांचा प्रश्न या मंडळींनी जगापुढे मांडला. धनको गुलाम देश, ऋणको त्याचा राज्यकर्ता! ब्रिटनने तिथे दाद दिली नाही. तरीही त्या दालनात हा हिशोब मांडायला छाती लागते, आणि महाराष्ट्राने ही गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

आता ही दुसरी नोट जवळून पाहा. नोट रिझर्व्ह बँकेचीच, पण तिच्यावर इंग्रजीत आणि उर्दूत छापलंय, ‘पाकिस्तान सरकार’. फाळणी झाली तेव्हा पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. दोन्ही देशांचं चलन देशमुखांची बँकच सांभाळत होती. ठरलं होतं सप्टेंबर 1948 पर्यंत. पण फाळणीत पाकिस्तानच्या वाट्याला आलेल्या रोख शिलकीतल्या 55 कोटींवरून दोन्ही सरकारांत बिनसलं, बँक मध्ये सापडली आणि ही व्यवस्था 30 जूनलाच संपली.

1 जानेवारी 1949 ला भागधारकांची ही बँक सरकारी मालकीची झाली. त्याच वर्षी बँकांवर देखरेखीचा कायदाही आला. फोर्टातल्या या इमारतीतून देशमुख 30 जूनला पायउतार झाले.

पुढचं पुष्कळांना ठाऊक आहे: अर्थमंत्रिपद, स्टेट बँक, 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा. मग विद्यापीठ अनुदान आयोग आणि दिल्ली विद्यापीठाचं कुलगुरुपद.