कुद्रेमुखच्या गवतातून

नमस्कार श्रोतेहो.

डोंगरावर झाडं दिसली नाहीत की आपण लगेच म्हणतो, काय उजाड झालाय हा डोंगर! महाराष्ट्रात डोंगर हिंडणाऱ्यांच्या तोंडी तर हे वाक्य बसलेलंच असतं, कारण आपल्याकडचे कितीतरी डोंगर खरोखरच तोडीनं बोडके झालेत. पण आपल्याच सह्याद्रीची रांग दक्षिणेकडे कर्नाटकात जाते, तिथे चिकमगळूर जिल्ह्यात एक शिखर आहे, कुद्रेमुख. उंची सुमारे १८९० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे मीटरनं जास्त. या डोंगराचा माथा आणि खांदे जवळजवळ सगळे गवताचे, आणि हे गवत कुणी झाडं तोडली म्हणून आलेलं नाही. ते तिथलं मूळचं आहे. आज मी तुम्हाला या गवतातून एका दिवसात वर नेऊन खाली आणणार आहे.

चढाई सुरू होते मुल्लोडी नावाच्या वस्तीपासून. बाळेगल या गावाहून तिथपर्यंत जीप येते. रस्ता इतका खडबडीत की बसलेल्या माणसाचे खांदे दुखायला लागतात. वनखात्याची नोंद झाली की सकाळी लवकर निघायचं, कारण जाऊन-येऊन अठरा-वीस किलोमीटर चाल आहे आणि संध्याकाळच्या आत खाली उतरणं सक्तीचं आहे. वर मुक्कामाला परवानगी नाही. ती नाही हे फार चांगलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीची वाट ओढे ओलांडत जाते. पाऊस नुकताच सरला असेल तर जळवा असतातच. मोज्यात विजार खोचा, जवळ मीठ ठेवा आणि फार वेळ एका जागी उभे राहू नका. पुढे ओंटिमर लागतं. एकटं उभं असलेलं एक झाड, सगळ्या वाटसरूंची विसाव्याची खूण. इथून सोंडेवर चढलं की झाडी मागे राहते आणि गवत सुरू होतं. मग तासन्‌तास गवतच. एक धार संपते, तिच्यामागे दुसरी उभी राहते. वारा सुटला की सगळा उतार एका बाजूला झुकतो आणि पुन्हा सरळ होतो.

आता जरा थांबा आणि आजूबाजूला नीट बघा. दोन टेकड्यांच्या मधल्या घळीत, जिथे उतार आत वळतो तिथे, गर्द हिरवं रान दाटलेलं दिसेल. ही शोला रानं. बुटकी, एकमेकांना चिकटून उभी राहिलेली झाडं, बुंध्यांवर शेवाळ, फांद्यांवर आमरी, म्हणजे ऑर्किड. त्या रानाची कड अगदी स्पष्ट असते. गवतातून एक पाऊल आत टाकलं की ऊन गायब, वारा गायब, पायाखाली ओला पालापाचोळा. पुन्हा एक पाऊल बाहेर आलं की टोपी सांभाळावी लागते. उघड्या उतारावरचा सोसाट्याचा वारा, खडकावरची पातळ माती, उन्हाळ्यातले वणवे, यांमुळे झाडांची रोपं उतारावर तगत नाहीत आणि घळींमध्ये तगतात, असं अभ्यासक सांगतात. पण माझा सांगायचा मुद्दा पुढचाच आहे. या भागात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एवढं पाणी नुसत्या मातीवर पडलं तर डोंगराचा खडक उघडा पडेल. तिथे उकिडवं बसून मी गवताचा एक ठोंब हातानं बाजूला केला होता. वरची पाती वाऱ्यानं सुकून खरखरीत झालेली, आणि बुडाशी मुळांचं इतकं दाट जाळं की बोट आत शिरेना. त्या जाळ्यातली माती थंड आणि ओलसर होती. पावसाळा संपून बरेच दिवस झाले होते. गवत पाणी धरतं, ते हळूहळू घळीतल्या शोलात झिरपतं, आणि शोलाच्या तळातून झरा बाहेर पडतो. वाटेत आपण जे ओढे ओलांडले, ते कोरड्या दिवसांतही वाहते राहतात ते या दोघांच्या जोडीमुळे.

याच राष्ट्रीय उद्यानात गंगामूळ नावाची जागा आहे. तुंगा, भद्रा आणि नेत्रावती या तिन्ही नद्यांचा उगम तिथला मानला जातो. नेत्रावती पश्चिमेला मंगळूरकडे जाते. तुंगा आणि भद्रा कूडलीला एकत्र येतात आणि पुढे तुंगभद्रा होऊन कृष्णेला मिळतात. म्हणजे महाबळेश्वरला पडलेला पाऊस आणि या गवतावर पडलेला पाऊस शेवटी एकाच पात्रात येतात. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यांत कासचं पठार आणि कोयनेचं रान आहे, तसंच कुद्रेमुखही आहे.

आणि तरीही हाच डोंगर खोदला जात होता. इथे कमी प्रतीचं, पण प्रचंड प्रमाणात लोहखनिज आहे. १९७६ साली त्यासाठी सरकारी कंपनी स्थापन झाली. खनिजाचा रबडा नळातून थेट मंगळूरच्या किनाऱ्यापर्यंत जायचा. उरलेला चुरा अडवण्यासाठी लक्या धरण बांधलं, ते आजही गाळ पोटात घेऊन तिथेच आहे. उघड्या पडलेल्या उतारांची माती पावसाबरोबर भद्रेत जात होती. निवृत्त वनाधिकारी के. एम. चिन्नप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. २००२ मध्ये निकाल लागला आणि २००५ च्या अखेरीस खाण बंद झाली. खाणीवर पोट असलेल्या माणसांना त्याची झळ बसली, कुद्रेमुख गावातली कितीतरी घरं रिकामी झाली, हेही खरं. तरी मला चिन्नप्पांबद्दल मनापासून कृतज्ञता वाटते. सिंहपुच्छ वानर जगात फक्त पश्चिम घाटात आहे, आणि त्याचे कळप या भागातल्या सदाहरित रानात अजून टिकून आहेत.

शेवटचा चढ पिंडऱ्यांना चांगलाच जाणवतो. घसारा आहे, गुडघ्यांवर हात ठेवत चढावं लागतं. माथा तसा साधा आहे, पश्चिमेची बाजू मात्र एकदम खाली तुटलेली. ढग वर चढतात आणि दहा मिनिटांत समोरचा माणूस दिसेनासा होतो. तेव्हा कड्यापासून लांब बसा. हवा स्वच्छ असेल तर पार किनारपट्टी दिसते. पूर्वी समुद्रातली गलबतं या शिखराकडे बघून दिशा ठरवत.

उतरताना एक गोष्ट जरूर पाळा. चिखल टाळायला लोक पायवाटेच्या कडेनं गवतातून चालतात, आणि एका वाटेच्या चार वाटा होतात. तुडवलेलं गवत मेलं की पुढच्या पावसात तिथे घळ पडते. चिखल असेल तर चिखलातूनच चाला, बूट धुता येतात.

जायचं कसं? कोकण रेल्वेनं मंगळूर गाठा, तिथून कारकळमार्गे कळसा. मुक्काम कळशाला किंवा बाळेगलच्या आसपास घरगुती राहण्याची सोय असते तिथे करा. जेवणात तांदळाची भाकरी मिळाली तर सोडू नका. चढाईचं आरक्षण वनखात्याकडे ऑनलाइन करावं लागतं आणि रोज ठरावीक माणसांनाच सोडतात, त्यामुळे शनिवार-रविवार आधीच भरलेले असतात. वणव्याच्या दिवसांत, आणि कधी कधी भर पावसातही, वाट बंद ठेवली जाते. ऑक्टोबर ते जानेवारी उत्तम, आणि जमलं तर आठवड्याच्या मधला दिवस धरा.

नमस्कार.