शिक्का आणि परवाना

(माहितीपटाचं निवेदन. ग्रंथालयाचं तळघर. ट्यूबलाइट दोनदा लुकलुकून लागते.)

हे बांधीव खंड. कापडी पुठ्ठा, कण्यावर सोनेरी अक्षरं – नियतकालिकाचं नाव, खंड, वर्ष. जानेवारी ते डिसेंबरचे अंक एकत्र करायचे, एखादा टपालात गहाळ झाला तर एजंटाच्या मागे लागून तो मिळवायचा, मग गठ्ठा बाइंडरकडे. परत आला की शीर्षकपानावर शिक्का आणि दाखल क्रमांक. एकदा हा शिक्का बसला की खंड ग्रंथालयाचा. पुढच्या वर्षी वर्गणी भरा किंवा भरू नका, तो परत न्यायला कुणी येत नसे.

बोट कुठे थांबतंय बघा. १९९१. त्यापुढची फळी मोकळी आहे.

त्या वर्षी जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं. परदेशी नियतकालिकांची वर्गणी डॉलरात आणि पौंडात, विद्यापीठांचं अनुदान रुपयात. ग्रंथपालांनी याद्या काढल्या, विभागप्रमुखांना विचारलं आणि एकेका नावावर काट मारली. या रजिस्टरचं हे पान वरपासून खालपर्यंत वाचायची गरज नाही. शेवटच्या रकान्यात तांबड्या शाईने एकच शब्द आहे – बंद.

(पुणे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेचं कुंड, सकाळचं ऊन.)

वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी उभी केलेली ही काळ्या दगडाची वास्तू. कुंडाभोवती आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे. संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर. आयुका म्हटलं की आपल्याला आकाश आठवतं. पण १९९१ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाने आयुकाच्या छत्राखाली आणखी एक काम सुरू केलं. देशातल्या विद्यापीठांची ग्रंथालयं संगणकाने एकमेकांना जोडायची, कुणाकडे काय आहे ते दुसऱ्याला कळावं म्हणून. त्या प्रकल्पाचं नाव इन्फ्लिबनेट. १९९६ मध्ये ते स्वतंत्र केंद्र झालं आणि आज ते गांधीनगरला आहे.

त्याच १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅकॅडेमिक प्रेस या प्रकाशकाने विद्यापीठांपुढे विक्रीची एक नवी रीत ठेवली. एकेक नियतकालिक निवडत बसू नका, सगळा संच ऑनलाइन घ्या. ‘बिग डील’ हे नाव पुढे रूढ झालं. ग्रंथालय छापील अंकांवर आधी किती खर्च करत होतं, त्यावर किंमत बेतायची, करार काही वर्षांचा करायचा आणि दरवर्षी ठरलेली वाढ घ्यायची. एकटं ग्रंथालय अशा प्रकाशकासमोर बसलं तर त्याच्या हातात फारसं काही नसतं. दहा, शंभर, हजार ग्रंथालयांच्या वतीने एकच माणूस बसला की बोलणं बदलतं. कॉन्सॉर्शियम म्हणतात ते यालाच.

भारतात २००३ मध्ये आयआयटींसारख्या तंत्रशिक्षण संस्थांसाठी इंडेस्ट हे कॉन्सॉर्शियम उभं राहिलं. त्याच वर्षी डिसेंबरात राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते विद्यापीठांसाठीच्या यूजीसी-इन्फोनेट कॉन्सॉर्शियमचा आरंभ झाला. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये एन-लिस्ट आलं. २०१५ मध्ये तिन्ही मिळून ई-शोधसिंधु झालं.

(टेबल. चष्मा, पेन्सिल, वापर-परवान्याच्या करारनाम्याचा मसुदा. पानाच्या एका भागावर पालथा तळहात.)

हा हात तिथे मुद्दाम ठेवलेला आहे. हाताखाली किंमत आहे. बऱ्याच करारांत गोपनीयतेचं कलम असतं. एका ग्रंथालयाला काय दर मिळाला ते दुसऱ्याला सांगायचं नाही. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या खरेदीत हे कलम असूच नये, असं आम्हाला वाटतं. जगभरातल्या कॉन्सॉर्शियमांच्या आघाडीने, आयकॉल्कने, इलेक्ट्रॉनिक खरेदीबाबतची आपली भूमिका १९९८ पासून लेखी मांडून ठेवली आहे.

आता पेन्सिल बघा. पहिली खूण ‘अधिकृत वापरकर्ता’ या शब्दांखाली. प्राध्यापक आणि विद्यार्थी आलेच. पण तासावर शिकवणारे? नुकतीच पदवी घेऊन बाहेर पडलेला? बाहेरगावाहून एक दिवस येऊन वाचनालयात बसणारा? हे इथे लिहिलेलं नसेल तर पुढे वाद होतो. दुसरी खूण आंतरग्रंथालय देवघेवीवर. दुसऱ्या ग्रंथालयाने मागितला तर लेख पाठवता येईल का, आणि कसा? छापून, की फाइल म्हणून? तिसरी खूण घरून वाचण्यावर. चौथी दरवाढीवर, वर्षाला इतक्या टक्क्यांच्या वर नाही.

आणि ही पाचवी. इथे शिसं कागदात रुतलंय. वर्गणी थांबल्यावर काय? ज्या वर्षांचे पैसे भरले, त्या वर्षांचे अंक पुढेही उघडणार का? उघडणार असतील तर प्रकाशकाच्या साइटवर, की पोर्टिको किंवा लॉक्ससारख्या जतनव्यवस्थेतून? तळघरातल्या खंडांबाबत हा प्रश्न कधी पडलाच नाही. हे एक कलम मिळवण्यासाठी ग्रंथपालाने बाकी दोन सोडली तरी आम्ही त्याला शहाणाच म्हणू.

सही झाली की प्रत्येक संस्थेचे आयपी पत्ते, म्हणजे इंटरनेटवर तिची ओळख पटवणारे क्रमांक, गोळा करून प्रकाशकाकडे जातात. त्या पत्त्यांवरून आलेल्या संगणकाला दार उघडतं. एखाद्या विद्यार्थ्याने सॉफ्टवेअर लावून रात्रीत शेकडो लेख उतरवले, तर प्रकाशक सगळ्या आवाराचं दार बंद करू शकतो, आणि सकाळी पहिला फोन ग्रंथपालाला येतो.

(तालुक्याच्या गावातलं महाविद्यालय. नोटीस बोर्डासमोर मुली.)

एन-लिस्टची वर्गणी अनुदानित महाविद्यालयांसाठी कित्येक वर्षं ५,००० रुपये आणि वर जीएसटी एवढीच होती. इथे आयपीची भानगड नाही, प्रत्येकाला स्वतःचं नाव आणि पासवर्ड. या ग्रंथपालबाईंनी पासवर्ड टाकून बघायचे टप्पे वहीच्या पानावर हाताने लिहून काढलेत आणि झेरॉक्स मारून वाटलेत. कोपऱ्यात लिहिलंय – ‘पासवर्ड मैत्रिणीला देऊ नये, तिला माझ्याकडे पाठवावे.’

(दिल्ली. संग्रहित दृश्यं.)

२५ नोव्हेंबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही देशभरासाठी एकाच वर्गणीची योजना मंजूर केली. ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, केंद्र आणि राज्य सरकारांच्या ६,३०० हून अधिक संस्था, २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये. समन्वय इन्फ्लिबनेटकडे. योजनेच्या कक्षेतले सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, शिक्षक आणि संशोधक धरले, तर माणशी वर्षाला साधारण ११०० रुपये पडतात. पहिल्या टप्प्यात खासगी संस्था नाहीत, आणि तीन वर्षांनी पुन्हा वाटाघाटी आहेत.

(पुन्हा महाविद्यालय. संध्याकाळ. खिडकीजवळ एक मुलगी, मोबाइलवर लेख उघडलेला.)

बाहेर एसटीची वेळ झाली आहे. ती लेख उतरवून घेते, बसमध्ये वाचायला. वरच्या ओळी मोठ्या करून बघते, मग पान खाली सरकवते. समासात बारीक अक्षरांत एक ओळ आपोआप छापली गेली आहे – कुठल्या संस्थेने, कोणत्या तारखेला उतरवला, आणि वापर परवान्याच्या अटींना अधीन.

तळघरातल्या खंडावर शिक्का होता, तो ग्रंथालयाचा. ही ओळ प्रकाशकाची आहे.

(ती मोबाइल दप्तरात ठेवते. ग्रंथपालबाई खिडकी लावून घेतात.)