आधी भिंतीवरचा बोर्ड, मग मदरबोर्ड

(दारव्हा तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आवाज मागपर्यंत येतो ना? बरं. मागं भिंतीला टेकून मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेत ते पोट्टे आधी पुढं या. तुमच्यासाठीच मला बोलावलंय. आणि ज्यांचे बाबा सोबत आलेत त्यांनी बाबांनाही पुढं बसवा. पैसे त्यांचे आहेत.

कापसाचा चुकारा हातात आला की आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गर्दी वाढते. मागच्या हंगामात एक बारावीचा पोरगा वडिलांना घेऊन आला. हातात वहीचं पान. यूट्यूबवर व्हिडिओ पाहून गेमिंग पीसीची यादी उतरवून आणलेली, अक्षर एकदम सुरेख. प्रोसेसर, मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, काचेचा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे सहा पंखे. शेवटच्या ओळीत ‘एसएमपीएस – कोणताही’. एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. मी यादी बाजूला ठेवली आणि वडिलांना विचारलं, घरी तीन पिनचा बोर्ड आहे का, आणि वरच्या मोठ्या भोकात वायर आहे का? ते म्हणाले, “भोक तं आहे भाऊ, मांगं वायर आहे का नाही ते मालूम नाही. पण हे कायले पुसता?”

ते कायले पुसतो, तेच आज सांगायला आलोय. ती यादी चुकीची नव्हती. ज्यानं केली तो मोठ्या शहरात एसीच्या खोलीत बसलेला, त्याच्याकडे पारा २४ वर आणि लाइन २३० वर. त्याची यादी प्रोसेसरपासून सुरू झाली तरी चालते. आपली भिंतीपासून सुरू करावी लागते.

कॅबिनेटला हात लावला की बोटाला झिनझिन होतं, हा अनुभव किती जणांना आहे? हात वर करा. पाहा, अर्धा हॉल. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. लाइनीतला कचरा त्यांनी अर्थिंगमध्ये, म्हणजे त्या वरच्या मोठ्या भोकातल्या वायरीनं जमिनीत सोडायचा. अर्थिंगच नसेल तर तो पत्रा अधांतरी राहतो, आणि त्यावर २३० च्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट दिसतात. करंट अगदी थोडा असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. पण पीसी चालू असताना टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसली की तोच करंट त्या बारीक पिनांतून वाट काढतो आणि पोर्ट जातो. महागाच्या कार्डाचे पोर्ट असे गेलेले मी पाहिलेत.

यावर आपल्याकडे एक जुगाड चालतो. भिंतीवरच्या बोर्डाच्या आत न्यूट्रलवरून अर्थच्या भोकात वायरीचा तुकडा टाकून देतात. झिनझिन बंद होते, मालक खूश. पण ज्या दिवशी खांबावरचा न्यूट्रल तुटतो त्या दिवशी अख्खा कॅबिनेट २३० वर येतो. हे कोणीही करू नका. वायरमनला बोलावून अर्थिंगचा खड्डा करून घ्या.

आता व्होल्टेज. हरभरा आणि गहू ओलिताला आले की मोटारी सुरू होतात आणि संध्याकाळी मीटर १७०-१८० दाखवतो. आपल्याकडच्या पोरांना हे सांगायला नको. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी नावाची व्यवस्था असते आणि त्याच्या पोटावरच्या स्टिकरवर इनपुट १००-२४० लिहिलेलं असतं. तो १७० ला कुरकुर करत नाही, त्याला वेगळा स्टॅबिलायझरही लागत नाही. काही डब्यांवर २००-२४० लिहिलेलं असतं. कंपनी चांगली असली तरी आपल्या घरी तो डबा नको. दुकानदार ‘४५० वॅट आहे’ म्हणेल. तुम्ही डबा उलटा करून स्टिकर वाचा.

जुन्या, स्वस्त डब्यांना मागं एक लाल बटण असतं, त्यावर ११५ आणि २३० लिहिलेलं. एका पोरानं विचार केला, आपल्याकडे व्होल्टेज कमी येतं, मग बटण कमीवरच ठेवू. तर्कात काही चूक नाही! पण ११५ वर केलं की तो डबा आतल्या आत व्होल्टेज दुप्पट करतो. बटण सरकवलं, स्विच दाबला आणि पोळ्याचा फटाका फुटावा तसा आवाज. दुसऱ्या दिवशी त्यानं तो डबा पिशवीत घालून आणला. कॅपॅसिटरच्या टोप्या उडालेल्या, आतला कागद बाहेर लोंबत होता आणि सडक्या मासोळीसारखा वास. नशिबानं बोर्ड वाचला, हार्डडिस्क गेली. तेव्हापासून तसा डबा दुकानात आला की मी ते बटण आधी चिकटपट्टीनं बंद करतो.

किती वॅटचा घ्यायचा? हिशेब सोपा आहे. एएमडी कंपनीच्या रायझन ५ ५६०० सारखा प्रोसेसर जोरात चालला तरी ७५-८० वॅट खातो. आरएक्स ६६०० हे ग्राफिक कार्ड १३२. बाकी बोर्ड, रॅम, पंखे धरून अजून पन्नास. अडीचशे-पावणेतीनशेच्या पुढं गोष्ट जात नाही. मग ४५० ते ५५० चा खरा डबा पुष्कळ झाला. ‘८० प्लस ब्रॉन्झ’ हा शिक्का ताकदीचा नाही, वीज किती वाया जात नाही त्याचा आहे. पण तो शिक्का घेणाऱ्या डब्यात सहसा आतलं सामानही बरं असतं. सहाशे व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. त्यावर गेम पूर्ण करत बसू नका, सेव्ह करा आणि बंद करा. घरचा इन्व्हर्टर वापरायचा असेल तर साइन वेव्हचा हवा आणि बटण यूपीएस मोडवर. लाइन गेल्यावर एसएमपीएस स्वतःच्या पोटातल्या साठ्यावर १६-१७ मिलिसेकंदच तग धरतो. इन्व्हर्टरनं तेवढ्यात धावून यायला पाहिजे.

आता ऊन. मे महिन्यात अकोला, वर्धा, चंद्रपूर ४५ च्या वर जातात आणि टिनाच्या खोलीत काय होतं ते तुम्हीच सांगा. प्रोसेसरचा कूलर हवेला थंड करत नाही, तो फक्त खोलीच्या हवेपर्यंत उष्णता नेऊन टाकतो. व्हिडिओतल्या माणसाचा प्रोसेसर २४ च्या खोलीत ७० ला चालतो. तोच ४२ च्या खोलीत ८८ ला पोचतो. नव्वदच्या आसपास गेला की तो जिवाच्या भीतीनं स्वतःच वेग कमी करतो आणि तुम्ही म्हणता, गेम अटकतो, नेट खराब आहे. म्हणून आपल्याला काचेचा बंद कॅबिनेट नको. समोर जाळी असलेला घ्या, दोन पंखे आत ओढणारे, एक मागं फेकणारा. दिवे नसले तरी चालतील.

आणि आपला दुसरा कूलर, लोखंडी पेटीचा. कोरड्या मे महिन्यात त्यानं खोली दहा अंशांनी उतरते, पीसी त्याच खोलीत ठेवा. पण त्याच्या तोंडासमोर नको. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते कूलरच्या गवतावरच्या पांढऱ्या थरावरून कळतं. ते तुषार बोर्डावर बसले की पिना गंजतात.

याहून मोठा शत्रू कापूस. भाव वाढेल म्हणून आपण कापूस घरात भरून ठेवतो, आणि पोराचा टेबलही त्याच खोलीत. एक पीसी आला होता, ‘आपोआप बंद होतो’ ही तक्रार. उघडला तर प्रोसेसरवरच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर रुईची गादी. चिमटीत धरून उचलली तर अख्खी निघाली, घोंगडीच्या तुकड्यासारखी, खालच्या बाजूला पात्यांच्या रेघा उमटलेल्या. एसएमपीएसमध्ये एक वाळलेली पाल होती, ती वेगळी. मागच्या रिकाम्या फटी पट्ट्या लावून बंद करा. हवा आत येते तिथं जुन्या ओढणीचा पातळ तुकडा ताणून लावा, दर पंधरा दिवसांनी झटका. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, नाहीतर तो जास्तीच्या वेगानं फिरून बेअरिंग खराब होतं.

आता तुम्ही वाट पाहत होता तो भाग. हा मी भराभर सांगणार आहे.

यादी उलटी करा. आधी गेम, मग मॉनिटर, मग कार्ड, मग प्रोसेसर. इथले बरेच जण मोबाईलवरून आलेत. २०२० मध्ये पबजी हा मोबाईलवरचा गेम बंद झाला, २०२१ मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय आला, तेव्हापासून अंगठे झिजवणारे. तुम्हाला व्हॅलोरंट किंवा काउंटर स्ट्राइक खेळायचं असेल तर तिथं प्रोसेसरला जास्त काम आहे. मोठमोठ्या नकाशांचे, गोष्टींचे गेम खेळायचे तर कार्डाला. मॉनिटर १९२० बाय १०८० चाच घ्या, त्याच्या वर आपलं बजेट पुरत नाही. १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा घेतला तर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. वर्षभर ६० वर खेळणारे मला भेटलेत.

मॉनिटर सोडून फक्त पीसीला पन्नास हजार असतील तर अठरा-वीस कार्डाला, चार एसएमपीएसला, बाकीच्यात बाकी सगळं, असा माझा अंदाज. त्या दिवशीचे भाव पाहूनच ठरवा. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केली आणि रॅमचे भाव असे चढले की त्याआधीची कुठलीच यादी आज कामाची नाही.

कार्डात फसगत जास्त. ‘४ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणून जीटी ७३० विकतात. ते २०१४ चं आहे. जीबी म्हणजे कोठार, बैलाची ताकद नाही. कोठार मोठं असून बैल म्हातारा असेल तर नांगरणी होणार का? आरटीएक्स ३०५० नावाची दोन कार्डं आहेत, ८ जीबीचं आणि ६ जीबीचं, आणि त्यांच्यात कोठाराचाच फरक नाही, दुसरं दमानंही कमी आहे. पण ते ७० वॅटवर चालतं, त्याला वेगळी वीजवायर लागत नाही, म्हणून काही घरांत मी तेच सुचवतो. दम हवा असेल तर आरएक्स ६६००.

इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल, जसं आय३ १२१००एफ, तर त्यात स्वतःचं ग्राफिक नसतं. कार्डाशिवाय पडदा काळाच राहील. प्रोसेसर चांगला आहे, फक्त हे माहीत असू द्या. एएमडीत एएम४ हा सॉकेट, म्हणजे मदरबोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा, २०१६ पासूनचा, आता त्याचा शेवट आलाय, पण डीडीआर४ या जुन्या पिढीच्या रॅमवर चालतो म्हणून अजून स्वस्तात बसतो. एएम५ ला डीडीआर५ च लागते. रॅम १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, आठ-आठच्या दोन घ्या आणि बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी सुरू करा, मग रॅम पूर्ण वेगानं चालते. कार्ड नसलेल्या पीसीत तर दोन पट्ट्यांनी डोळ्यांना दिसेल इतका फरक पडतो. गेम एसएसडीवर. हार्डडिस्क फोटो ठेवायला.

कोणीतरी मघाशी जुन्या ऑफिसातल्या पीसीबद्दल विचारलं. वीस-बावीस हजारच असतील तर तो वाईट सौदा नाही, त्यात ३०५० चं ६ जीबीवालं बुटकं कार्ड बसतं. पण इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचाच घ्या. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला, सहाव्या-सातव्या पिढीवर विंडोज ११ रीतसर बसत नाही, आणि ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट हे सुरक्षेचे दोन बंदोबस्त लागतातच. कितवी पिढी आहे ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. बिल घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला बिनबिलाचं घेतलं तर वॉरंटी गेली, आणि सर्व्हिस सेंटर बहुधा नागपूरला. यवतमाळहून दीडशे किलोमीटर, एसटीनं मांडीवर खोका घेऊन.

त्या बारावीच्या पोराचं काय झालं? त्याला मी कार्ड घेऊच दिलं नाही. ५६००जी हा ग्राफिकवाला प्रोसेसर, चांगला एसएमपीएस, रॅमच्या दोन पट्ट्या. छोटे गेम त्यावर चालतात. कार्ड तूर विकल्यावर, असं ठरलं. पोरगा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

हं, विचारा मावशी. “आमच्या फ्रिजले हात लावला का मुंग्या येतात, तेही हेच काय?”

हेच असू शकतं मावशी, किंवा आत कुठं वायर उघडी पडली असेल, ते याहून वाईट. चपलीशिवाय हात लावू नका आणि उद्याच वायरमन बोलवा. तो फेज आणि अर्थमध्ये शंभरचा बल्ब लावून पाहील. मिणमिणला किंवा पेटलाच नाही तर खड्डा नवा करायचा. पूर्ण पेटला तरी बोर्डात न्यूट्रलचा तो जुगाड नाही ना, हे त्याला पाहायला सांगा, कारण त्यानंही बल्ब पेटतो. मीठ, कोळसा, त्यात पाइप, आणि उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी बादलीभर पाणी. कपडे धुतलेलं चालतं.