टॉमी पीपल्स : वादकामागे राहिलेला रचनाकार

श्रोतेहो, नमस्कार. आयर्लंडच्या लोकसंगीतात फिडल या वाद्याचे स्थान मोठे आहे. बांधणीने ते व्हायोलिनच असते. फरक असतो तो हाताच्या वळणाचा, आणि हे वळण परगण्यागणिक बदलत जाते. वायव्येकडील डोनेगॉल परगण्यात गज झपाट्याने मागेपुढे फिरतो आणि बहुतेक स्वरांना त्याचा स्वतंत्र आघात मिळतो, तर पश्चिमेकडील क्लेअर परगण्यातील वादन अधिक सैल आणि डोलणारे असते. आज ज्यांच्याविषयी बोलायचे आहे, ते टॉमी पीपल्स जन्माने डोनेगॉलचे होते आणि संसार त्यांनी क्लेअरमध्ये थाटला.

त्यांचा जन्म 1948 साली सेंट जॉन्स्टन या गावाजवळ झाला. पहिले धडे त्यांना जो कॅसिडी या चुलत घराण्यातील नातलगाकडून मिळाले. तरुणपणी ते डब्लिनला गेले, काही काळ पोलीस दलात होते, आणि शहरातल्या बैठकींतून त्यांचे नाव वादकांमध्ये पसरले. पुढे क्लेअरमधील लोकनृत्याला साथ करणाऱ्या प्रसिद्ध किलफेनोरा केली बँडच्या प्रमुख किटी लिनान यांच्या कन्येशी त्यांचा विवाह झाला. त्यांची मुलगी शिवॉन हीसुद्धा नावाजलेली फिडलवादक आहे.

1975 साली ‘बॉथी बँड’ या गटाची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीत फिडल पीपल्स यांचे होते. पॅडी कीनन यांचे पाइप्स (हवेच्या पिशवीवर वाजणारे आयरिश वाद्य), मॅट मॉलॉय यांची बासरी आणि डोनल लनी यांचे बुझुकी हे तंतुवाद्य यांच्या जोडीने त्यांनी पारंपरिक नृत्यधुनांना जो वेग आणि जी धार दिली, तिने एक अख्खी पिढी भारावून गेली. गटात मात्र ते फार काळ राहिले नाहीत. त्यांची जागा केव्हिन बर्क यांनी घेतली. लगेच 1976 साली गिटारवादक पॉल ब्रॅडी यांच्या साथीने त्यांची ‘द हाय पार्ट ऑफ द रोड’ ही ध्वनिमुद्रिका आली. माझ्या मते पीपल्स खरे कळतात ते इथेच, कारण गटाच्या गजबजाटात विरून जाणारे बारकावे इथे मोकळे ऐकू येतात.

त्या बारकाव्यांत सर्वांत ओळखीचा आहे तो एकाच स्वरावर गजाने दिलेला तीन अतिजलद आघातांचा अलंकार. इतरही वादक तो घेतात. पण पीपल्स यांच्या हाती तो इतका खरखरीत आणि नेमका उमटतो की क्षणभर स्वर मागे पडतो आणि तबल्यावरच्या तिरकिटासारखा नुसता बोल कानावर येतो. अनेकांनी त्याची नक्कल केली, आणि खरे सांगायचे तर पुष्कळांना नुसती खरखरच साधली.

या वादनकौशल्याच्या झगमगाटात त्यांच्यातील रचनाकार मात्र काहीसा झाकला गेला. आयरिश नृत्यधुनेचा साचा तसा आखीव असतो : बहुधा आठ मात्राखंडांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि मग पुन्हा आरंभापासून. एवढ्याशा अंगणात नवे काही म्हणणे अवघड, आणि म्हटलेले टिकले की ते कोणाचे हे विसरले जाणे त्याहून सोपे. कारण धून तोंडी परंपरेत शिरली की कर्त्याचे नाव वाटेत गळून पडते. ‘द ग्रीन फील्ड्स ऑफ ग्लेनटाउन’ ही त्यांची रील, म्हणजे जलद लयीची नृत्यधून, आज बैठकींतून सर्रास वाजते, पण ती जुनी पारंपरिक धून नसून पीपल्स यांची आहे, हे वाजवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असेलच असे नाही.

1998 साली आयरिश भाषेतील दूरचित्रवाणी वाहिनीने ‘ग्रादम क्योल’ हा संगीत पुरस्कार सुरू केला, तेव्हा वर्षातील संगीतकाराचा पहिला मान त्यांना मिळाला. त्याच वर्षी आलेल्या ‘द क्वायट ग्लेन’ या ध्वनिमुद्रिकेत त्यांच्या स्वतःच्या रचनाही ऐकायला मिळतात. 2015 साली त्यांनी वादनाचे मार्गदर्शन आणि आपल्या शंभराहून अधिक रचना एका ग्रंथात स्वरलिपीसह एकत्र आणल्या, त्यामुळे धुनांवर कर्त्याचे नाव निदान कागदावर तरी पक्के झाले. ऑगस्ट 2018 मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्यांना हे वादन नवे आहे, त्यांनी आरंभ 1976 च्या ध्वनिमुद्रिकेपासून करावा आणि मग ‘द क्वायट ग्लेन’कडे वळावे, वादकाची आधी ओळख झाली, की रचनाकार ऐकणे सोपे जाते. नमस्कार.