तार पंचायतीपर्यंत आली, पुढे काय?

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय गावातल्या इंटरनेटबद्दल, म्हणजे वेगवान इंटरनेटबद्दल. कोरोनात मुलांची शाळा फोनवर आली, ई-संजीवनीवर डॉक्टर फोनवर आले, आणि शेवटी लसीचा नंबरही फोनवरच लावावा लागला. ज्याच्या घरी रेंज नव्हती, तो या सगळ्यातच मागे राहिला.

लसीचंच सांगते. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वर्षांच्या लोकांना लस सुरू झाली. पण अट अशी, की आधी कोविन या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची, वेळ मिळवायची, मगच केंद्रावर यायचं. माझं आजोळ भोर तालुक्यात, डोंगराच्या कडेला. माझा मामेभाऊ तिथे दूध गोळा करतो. पहाटे घरोघर जायचं, कॅन भरायचे, डेअरीला घालायचे. तो मला म्हणाला, "ताई, मला काही झालं तर बघून घेईन. पण माझ्यामुळं एखाद्या म्हातारीच्या घरात रोग शिरला तर?"

गावात रेंज फक्त देवळामागच्या टेकाडावर. तो तिथे जाऊन उभा राहायचा. नंबर टाकला की ओटीपीची वाट बघायची. ओटीपी यायचा तोवर त्याची मुदत संपलेली. पुन्हा नंबर, पुन्हा ओटीपी. पान उघडायचं तेव्हा सगळ्या जागा भरलेल्या. आणि सकाळी दूध घालायला जाताना बघतो तर आरोग्य केंद्राबाहेर पुण्याहून आलेल्या गाड्यांची रांग! त्या लोकांना मी दोष देणार नाही. लस त्यांनाही हवीच होती. त्यांच्या घरी फायबर, म्हणजे वेगवान इंटरनेटची तार होती, एवढाच फरक.

आणि ऐका, फायबर गावातही होतं. पंचायतीच्या भिंतीवर त्याची पेटी बसवलेली होती, पण तिचा प्लग काढून तिथे टेबलफॅन लावलेला. संगणक चालवणाऱ्या मुलीला हे आठवलं. तिने फॅन काढला, पेटीचा प्लग लावला, धूळ पुसली, आणि थोड्या वेळाने हिरवा दिवा लागला. संध्याकाळी ती कॉम्प्युटरला बसली. बाहेर अंतर ठेवून माणसं उभी. दूधवाला माझा भाऊ, गिरणीवाला, किराणा दुकानदार. एकेकाचा फोन टेकाडावर पोरांच्या हातात, ओटीपीवर डोळे. ओटीपी आला की टेकाडावरून पोरं ओरडून सांगायची, खाली ती टाकायची. भावाला वेळ मिळाली. गिरणीवाल्यालाही मिळाली.

 

तर मुद्दा. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायची योजना २०११ सालची, पुढे तिचं नाव भारतनेट झालं. पंचायती जवळजवळ अडीच लाख. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, की १००० दिवसांत ६ लाखांहून जास्त गावं जोडू. पण पंचायतीच्या भिंतीपर्यंत आलेली तार म्हणजे घरात आलेलं इंटरनेट नव्हे. पुन्हा सांगते, भिंतीपर्यंत आलेली तार म्हणजे घरात आलेलं इंटरनेट नव्हे. तिथून वाडीवर, शाळेत, आरोग्य उपकेंद्रात कोण नेणार? बिल कोण भरणार? रस्ता खोदताना जेसीबीने तार तोडली तर जोडायला कोण येणार? आणि वेगाचं म्हणाल, तर त्या काळात आपल्याकडे सेकंदाला ५१२ किलोबिट वेगालाही नियमाने ब्रॉडबँड म्हणत. २०२३ मध्ये ती मर्यादा २ मेगाबिट झाली. ५१२ वर एका खोलीत दोन मुलांचे तास आणि आजीसाठी डॉक्टर, हे जमत नाही.

सर्वोच्च न्यायालयानेही ३१ मे २०२१ च्या आदेशात केंद्राला नेमकं हेच विचारलं होतं, की ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याने लस घ्यायची कशी? त्याच्या आठवडाभर आधी सरकारी लसीकरण केंद्रांवर थेट जाऊन नाव नोंदवायची सोय झाली होती. पण त्या पहिल्या दिवसांत जे मागे राहिले, ते राहिलेच.

पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. पंचायतीतली पेटी चालू आहे का? तिथून शाळेला आणि उपकेंद्राला जोडणी गेली आहे का? तार तुटली तर कोणाला फोन करायचा? तो नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहायला लावा, मोठ्या अक्षरात. नमस्कार.