विचार आणि धडधड: कॉर्टेक्सपासून हायपोथॅलॅमसपर्यंतच्या वाटा

नमस्कार श्रोतेहो.

समोर काहीही घडलेलं नसतं, मनात नुसता एक विचार येतो आणि छाती धडधडायला लागते. तो विचार घडतो कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या सुरकुतलेल्या बाह्य आवरणात. धडधड, घाम, तहान, भूक, अंगाचं तापमान आणि पिट्युटरी ग्रंथी यांचा कारभार पाहतो हायपोथॅलॅमस. तो मेंदूच्या तळाशी, तिसऱ्या निलयाच्या, म्हणजे पाण्याने भरलेल्या एका पोकळीच्या, दोन्ही भिंतींत बसलेला आहे आणि वजनाला जेमतेम ४ ग्रॅम भरतो. या दोघांना जोडणाऱ्या वाटा कुठून जातात, आणि स्वतःला ‘घाबरू नकोस’ असं बजावलं तरी धडधड लगेच का थांबत नाही, ते आज पाहू.

सगळा कॉर्टेक्स हायपोथॅलॅमसशी बोलत नाही. बहुतेक थेट मज्जातंतू निघतात ते कपाळामागच्या भागाच्या आतल्या भिंतीतून, म्हणजे दोन्ही गोलार्ध जिथे एकमेकांसमोर येतात तिथून. कॉर्टेक्सच्या भागांना क्रमांक देणाऱ्या ब्रॉडमनच्या नकाशात हे भाग २५ आणि ३२ या क्रमांकांचे. त्यांच्या जोडीला डोळ्यांच्या खोबणीवरचा कॉर्टेक्स आणि त्याला लागून असलेला इन्सुलाचा, म्हणजे कॉर्टेक्सच्या आत दडलेल्या घडीचा, भाग. माकडांवरचं यासंबंधीचं सविस्तर काम १९९८ साली प्रसिद्ध झालं. त्यात आतल्या भिंतीचे तंतू हायपोथॅलॅमसच्या पुढच्या आणि मधल्या भागांत, तर खोबणीवरचे तंतू मुख्यतः बाजूच्या भागात उतरताना दिसले. कपाळामागचा बाहेरच्या बाजूचा कॉर्टेक्स, जो आकडेमोड करतो, बेत आखतो, नियम लक्षात ठेवतो, त्याचे थेट तंतू जवळपास नाहीतच. स्वतःला बजावण्याचं काम बरंचसं त्याच्याकडे असतं. त्याचा निरोप आधी आतल्या भिंतीकडे जातो आणि तिथून खाली.

पुढे आणखी एक गाठ आहे. कॉर्टेक्समधून बाहेर पडणाऱ्या या लांब तंतूंच्या टोकाशी ग्लुटामेट हे रसायन सुटतं, आणि ग्लुटामेट समोरच्या पेशीला चेतवतं. पण १९२८ साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ फिलिप बार्ड यांनी मांजरांच्या मेंदूतला कॉर्टेक्स काढला, तेव्हा ती मांजरं किरकोळ स्पर्शानेही फिस्कारू लागली. हायपोथॅलॅमसचा मागचा भागही काढला की तो सुसंबद्ध संतापाचा झटका बंद झाला. म्हणजे कॉर्टेक्स संतापाला आवर घालत होता. चेतवणारा तंतू आवर कसा घालणार? मध्ये गाबा हे रसायन सोडणारी, दाबणारी पेशी असेल तरच.

असा मधला टप्पा खरोखर आहे. ताणाच्या संप्रेरकांची साखळी हायपोथॅलॅमसच्या पॅराव्हेंट्रिक्युलर केंद्रकातून, म्हणजे पेशींच्या एका पुंजक्यातून, सुरू होते. उंदरांमध्ये कॉर्टेक्सचे तंतू या केंद्रकाच्या आत फारच थोडे शिरतात. ते आजूबाजूच्या पेशींवर आणि पुढच्या एका टप्प्यावर संपतात. त्या टप्प्याचं नाव लांबलचक आहे, स्ट्रिया टर्मिनॅलिसचं बेड न्यूक्लियस. तिथल्या गाबा पेशी केंद्रकाला दाबतात. उंदराच्या आतल्या भिंतीतला वरचा भाग, म्हणजे प्रीलिंबिक, निकामी केला की कोंडून ठेवल्यावर सुटणारं संप्रेरक वाढतं. ईथर हुंगवल्यावर मात्र तसा फरक पडत नाही, कारण शारीरिक संकटाची वर्दी मेंदूस्तंभातून परस्पर पोचते. म्हणजे या वाटेवरचा ब्रेक मुख्यतः ‘मनातल्या’ ताणासाठी आहे. आणि भिंतीतला खालचा भाग काही प्रयोगांत वरच्याच्या उलट वागतो, म्हणून ‘प्रीफ्रंटल कॉर्टेक्स ताण कमी करतो’ हे सरसकट विधान मला पटत नाही.

फॉर्निक्स या आणखी एका वाटेबद्दल थोडक्यात सांगतो. हिप्पोकॅम्पसकडून, म्हणजे स्मृती घडवणाऱ्या भागाकडून, येणारी ही कमान प्रत्येक बाजूला दहा लाखांहून अधिक तंतूंची आहे आणि तिचा मोठा फाटा हायपोथॅलॅमसच्या मॅमिलरी पिंडांत उतरतो. १९३७ साली मेंदूरचनातज्ज्ञ जेम्स पेपेझ यांनी तिला भावनांच्या वर्तुळात बसवलं, पण आज हा फाटा प्रामुख्याने स्मृतीचा मानला जातो. थायमिन या जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेत हेच पिंड लवकर बिघडतात. म्हणूनच असा संशय असलेल्या रुग्णाला ग्लुकोज देण्याआधी किंवा त्याच्यासोबत थायमिन देतात.

आता, तंतू कुठून कुठे जातो हे कळतं कसं? राजम्याच्या दाण्यांतून काढलेलं एक प्रथिन यासाठी वापरतात. त्याचं २.५ टक्के द्रावण अतिशय बारीक काचनळीत भरतात आणि ५ मायक्रोअँपिअरचा विद्युतप्रवाह ७ सेकंद चालू, ७ सेकंद बंद असा १० ते २० मिनिटं देतात. प्रथिन पेशीत शिरून तंतूच्या टोकापर्यंत जायला आठवडा ते दोन आठवडे लागतात. मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये मेंदू पक्का करून ३० ते ४० मायक्रोमीटर जाडीचे काप घेतात आणि प्रतिपिंडांनी रंगवतात. काचनळी घाईने उपसली तर द्रावण तिच्या मागोमाग वर गळतं आणि भलताच भाग रंगतो. उलट दिशेने, म्हणजे हायपोथॅलॅमसमध्ये रंगद्रव्य टोचून वर शोध घेताना, चूक जास्त होते. बाजूच्या हायपोथॅलॅमसमधून मीडियल फोरब्रेन बंडल ही जुडी नुसती पुढे जाते. सुईने तिचे तंतू दुखावले की तेही रंग उचलतात आणि नसलेली जोडणी दिसू लागते. म्हणून दोन्ही दिशांनी तपासतात. त्यानंतरही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेला फुगवटा म्हणजे सिनॅप्स, दोन पेशींमधला निरोपाचा सांधा, असं धरून चालत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो.

माणसात हे करता येत नाही. एमआरआयवरच्या रंगीत रेषा पाण्याच्या रेणूंच्या हालचालीवरून काढलेला अंदाज असतो. त्यात तंतूतला निरोप कुठल्या टोकाकडून कुठल्या टोकाकडे जातो ते कळत नाही, सिनॅप्स दिसत नाही. प्रतिमेचा एक ठोकळा साधारण २ मिलिमीटरचा, आणि शेजारीच निलयातलं पाणी. इवल्याशा हायपोथॅलॅमससाठी ही चाळण फार मोठ्या भोकांची आहे.

धडधडीकडे परत येऊ. मज्जातंतूंमार्फत हृदयाचा वेग काही सेकंदांत बदलतो. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाची वाट मात्र रक्तातून जाते. हायपोथॅलॅमस, मग पिट्युटरी, मग मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी. रक्तातली पातळी शिखर गाठते ती ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी, आणि पुढे ती निम्मी व्हायला ६० ते ९० मिनिटं लागतात. कॉर्टेक्सने ब्रेक लावला तरी रक्तात आधीच सुटलेलं कॉर्टिसॉल आपल्या गतीनेच ओसरतं. म्हणून प्रयोगात ताण दिल्याबरोबर घेतलेला एकच नमुना जवळजवळ निरुपयोगी ठरतो. एक नमुना आधी, एक शिखराच्या सुमारास आणि तासाभराने आणखी एक-दोन घ्यावे लागतात. सकाळी पातळी मुळातच चढलेली असते, तेव्हा चाचणी दुपारनंतर ठेवलेली बरी. आवर कितपत घातला गेला याचा अंदाज घ्यायचा तर शिखराच्या उंचीइतकाच त्यानंतरचा उतार पाहावा लागतो, आणि अनेक मोजण्या नेमक्या तो सुरू होण्याआधीच थांबतात.